बॅगेतून आलेले खेळ: गोव्यातल्या जुन्या व्हिडिओ गेमच्या खरेदी-विक्रीची पार्श्वभूमी

गोव्यात जुने व्हिडिओ गेम शोधायचे तर दुकानांचे पत्ते फारसे कामाचे नाहीत. इथला बहुतेक माल कुणाच्या तरी बॅगेतून आलेला आहे. आखातात नोकरीला असलेले, बोटीवरचे तारवटी, आणि अलीकडे पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेली कुटुंबं, असे त्याचे तीन मुख्य मार्ग. बापाने सुट्टीवर येताना आणलेलं यंत्र घरात दहा-पंधरा वर्षं राहतं. मुलं मोठी होतात, घर आवरायला काढतात किंवा भाड्याने देतात, आणि खोकं भंगारअड्ड्यावर जातं, नाहीतर ओएलएक्सवर दिसतं. तिथून उचलायचं, साफ करायचं, फोटो काढून पुन्हा ऑनलाइन विकायचं, असा हा व्यवहार आहे.

जुन्या वस्तूंचा बाजार गोव्याला नवा नाही. हणजुण्याचा बुधवारचा बाजार १९७० च्या दशकात हिप्पींनी स्वतःच्या वस्तू विकण्यातूनच सुरू झाला. पण तिथे गेम क्वचितच मिळतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शोधून मला जेवढं मिळालं, तेवढं हणजुण्यात कधीच मिळालं नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणजे जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल असे. कॅसेटवर हजारो खेळांची बढाई छापलेली आणि आत मोजून वीस-पंचवीस खेळ. ही यंत्रं आज विकून फारसं हाती लागत नाही.

खरा साठा प्लेस्टेशन २ चा. २००० मध्ये जपानात आलेलं हे यंत्र पुढच्या दहा वर्षांत गोव्यातल्या कितीतरी घरांत पोचलं. त्याच्या खेळांवर प्रदेशाचं कुलूप असे, एका प्रदेशाचा खेळ दुसऱ्या प्रदेशाच्या यंत्रात चालत नसे, म्हणून डबीच्या कण्यावरची अक्षरं आधी वाचायची. एसएलईएस म्हणजे युरोपची प्रत, एसएलयूएस म्हणजे अमेरिकेची. एका घरात एसएलयूएसच्या सात डब्या सापडल्या, तेव्हा न विचारताच कळलं की घरचा माणूस अमेरिकेच्या बाजूच्या क्रूझवर होता. असे खेळ इथे चालत, कारण इथल्या कितीतरी यंत्रांत हे कुलूप चुकवणारी चिप बसवलेली असे. ती बसवली जायची नकली डिस्कसाठी, पण परदेशातल्या अस्सल डिस्कही तिच्यामुळेच चालल्या. चिपला नुसती चोरीची वस्तू म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

सगळा घोळ 'ओरिजिनल' या शब्दाचा आहे. कॅसेटच्या काळात ओरिजिनल म्हणजे एका कॅसेटमध्ये एकच खेळ, मग ती कॅसेट नक्कल का असेना. डिस्क आल्या तसा अर्थ बदलला. शंभर-दीडशे रुपयांची घरगुती कॉपी नसलेली ती ओरिजिनल. ऑनलाइन विक्रीत आणखी दोन अर्थ चिकटले: डबी आणि माहितीपुस्तिकेसह पूर्ण असलेली प्रत, आणि कधीही न उघडलेलं, दुरुस्ती न झालेलं यंत्र. विकणारा एक अर्थ धरून लिहितो, घेणारा दुसरा धरून पैसे पाठवतो, आणि मग भांडण.

यात सर्वात जास्त नुकसान झालं ते निळ्या डिस्कचं. कॉपी केलेल्या डिस्कची खालची बाजू जांभळट-निळी दिसते, म्हणून 'निळी म्हणजे डुप्लिकेट' हा समज घट्ट बसला. प्लेस्टेशन २ चे सीडीवर आलेले अस्सल खेळ मात्र मुळातच निळ्या पाठीचे होते. पहिल्या प्लेस्टेशनचे तर काळ्या पाठीचे. पर्वरीजवळच्या एका भंगारअड्ड्यावर डब्या एका बाजूला आणि निळ्या डिस्क फोडायच्या ढिगात, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातल्या चार वाचल्या. डिस्क उजेडात तिरकी धरून मधल्या भोकाभोवतीचं कडं पाहायचं. कारखान्यात दाबलेल्या प्रतीवर तिथे बारीक क्रमांक कोरलेला असतो. कारखान्यात दाबलेल्या नकलाही असतात, म्हणून तो क्रमांक डबीवरच्या अक्षरांशी ताडून घ्यावा.

गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरायच्या यंत्राच्या कॅसेटला साधा चौफुली स्क्रू दिसला तर संशय घ्यावा, तिथे खास आकाराचाच स्क्रू असतो. आणि आपल्या पावसाळ्यात कॅसेटच्या धातूच्या टोकांवर हिरवट गंज चढतो. तोंडाने फुंकर मारून तो वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, बस.

बॅगेचं महत्त्व कायद्यातही आहे. भांडवली यंत्रसामग्री सोडली तर जुना माल परवान्याशिवाय आयात करता येत नाही. त्यामुळे परदेशातून कुरियरने मागवलेली जुनी कॅसेट कस्टममध्ये अडकू शकते. प्रवाशाला मात्र सामानाची शुल्कमुक्त मर्यादा मिळते. २०१६ च्या नियमांत ती ५० हजारांची होती.

२०१८ मध्ये ईबेचं भारतातलं संकेतस्थळ बंद झालं आणि दूरच्या संग्राहकांपर्यंत पोचायची सोपी वाट गेली. २०२० मध्ये क्रूझवर अडकलेले आपले लोक कसेबसे घरी परतले; त्या वर्षी नवा माल आला नाही, घरातला मात्र बाहेर पडला. त्यानंतर सगळंच झपाट्याने बदललं. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आलं. डिस्कवालं ४९,९९० रुपयांना, बिनडिस्कचं ३९,९९० ला. दहा हजार वाचवणाऱ्याने खेळ परत विकण्याची सोय तिथेच सोडली. नवा खेळ ४,९९९ ला घेणाऱ्या मुलासाठी ती सोय चैनीची नव्हती. आधीचा विकूनच तो पुढचा घेत असे.

२०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ या निन्टेंडोच्या यंत्राच्या काही कार्डांत तर खेळ नसतो, फक्त चावी असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. कार्ड परत विकता येतं, पण ते सर्व्हर चालू असेपर्यंतच उपयोगाचं. इंग्लंडहून आलेली अशी दोन कार्डं मडगावच्या एका जाहिरातीत 'ओरिजिनल, फुल बॉक्स' म्हणून लागली होती. विकणाऱ्या मुलाने खोटं काही लिहिलं नव्हतं. मी फोन करून त्याला फरक सांगितला, आणि त्याने जाहिरातीत एक ओळ वाढवली.