कुप्याआधी चारा

मालदीवची सगळी बेटे एकत्र केली तरी जमीन भरते साधारण 300 चौरस किलोमीटर, मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. हक्काचा समुद्र मात्र महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट आहे. त्यात मिळणारा मुख्य मासा म्हणजे स्किपजॅक टुना, आपल्याकडच्या कुप्याच्या कुळातला. तो अख्ख्या झुंडीला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्याने नव्हे, तर काठी आणि गळाने एकेक करून पकडतात. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच पद्धत आहे.

या धंद्याची खरी मेख कुप्यात नाही, चाऱ्यात आहे, म्हणजे आमिष म्हणून फेकायच्या जिवंत बारक्या माशांत. रात्री प्रवाळाजवळ नांगर टाकून पाण्यावर दिवे लावतात. उजेडाला बारके मासे जमले की खाली सोडलेले जाळे अलगद वर घेतात. ते मासे जिवंत राहिले तरच उपयोग, म्हणून होडीच्या पोटातल्या टाकीत सतत ताजे पाणी खेळवावे लागते. टाकीत गर्दी झाली किंवा पंप बंद पडला की प्राणवायू संपतो आणि चारा पटापट मरतो. 'रेही' नावाचा चंदेरी मासा तर इतका नाजूक, की जाळ्याला घासून खवले गेले तरी टिकत नाही. 1 किलो चाऱ्यामागे ढोबळमानाने 7 ते 10 किलो टुना मिळतो. म्हणजे चारा संपला की समोर कुप्याची झुंड उसळत असली तरी परत फिरायचे.

झुंडीचा पत्ता पक्षी देतात. जवळ जाऊन मूठमूठ जिवंत चारा फेकतात आणि होडीच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे सोडतात. फवाऱ्यांनी पृष्ठभाग खळबळतो, त्यामुळे होडी आणि माणसे माशाला नीट दिसत नाहीत, शिवाय बारके मासेच उसळत असल्याचा भास होतो. खाण्याच्या झपाट्यात कुपा चकाकणाऱ्या रिकाम्या गळावरही तुटून पडतो. गळाला उलटा काटा नसतो. काठी उचलली की मासा डोक्यावरून मागे येतो, दोरी सैल पडते आणि गळ आपसूक सुटतो. कासव किंवा डॉल्फिन या पद्धतीत सहसा सापडत नाहीत.

पुढची घाई बर्फाची. टुनाचे अंग भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असते, त्यात धडपडीने ते आणखी तापते. थंड करायला उशीर झाला तर जिवाणू त्याच्या मांसातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन नावाचे बाधणारे रसायन बनवतात. ते शिजवूनही जात नाही, डबाबंद करूनही नाही. खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठते, डोके दुखते. उष्ण कटिबंधात माशाच्या वजनाइतका बर्फ धरावा लागतो. बेटावर बर्फाचा कारखाना नसेल तर चांगली पकडही वाया जाते.

पद्धत अगदी निर्दोष आहे असे नाही. स्किपजॅक साधारण 40 सेंटिमीटरला वयात येतो आणि वर्षभर अंडी घालतो, म्हणून बराच दाब सोसतो. पण तरंगत्या ओंडक्याखाली किंवा नांगरलेल्या तराफ्याखाली त्याच्या झुंडीत पिवळ्या पराचा टुनाही असतो. त्याला वयात यायला मीटरभर लांबी लागते. गळाला लागतात ती त्याची पोरे.

दुसरी अडचण देशाच्या हाताबाहेरची आहे. कुपा सीमा पाळत नाही, म्हणून पकडीचे नियम हिंद महासागर टुना आयोग या अनेक देशांच्या संस्थेत ठरतात. मालदीवच्या आग्रहाने 2016 मध्ये तिथे स्किपजॅकसाठी एक सूत्र मंजूर झाले. मासेमारी झालीच नसती तर अंडी देणाऱ्या माशांचा जेवढा साठा असता, त्याच्या 40 टक्के किंवा जास्त साठा असेल तर नेहमीची पकड. त्याखाली गेला की पकड उतरत्या प्रमाणात. 10 टक्क्यांवर आला की व्यापारी मासेमारी बंद. सूत्रानुसार 2018 ते 2020 साठी वर्षाला सुमारे 4 लाख 70 हजार टनांची मर्यादा निघाली. पहिल्याच वर्षी पकड 6 लाख टनांवर गेली. सूत्राचे गणित चुकले नव्हते. मर्यादा सगळ्यांची मिळून होती आणि कोणत्या देशाने किती पकडायचे याची वाटणीच झालेली नव्हती. शिवाय आयोगाचा ठराव मंजूर झाल्यावर 120 दिवसांत लेखी हरकत घेणाऱ्या देशाला तो बंधनकारक राहत नाही.