वार आईची नव्हे, बाळाची

परवा गंगावेशीतल्या आमच्या घरी मामींनी गरोदर भाचीला सांगितलं, "तुझंच रक्त बाळाच्या अंगात फिरतंय, म्हणून तू अशी पांढरीफटक." कोल्हापुरात हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. पण ते खरं नाही.

आई आणि बाळ यांच्यामध्ये असते ती वार (प्लासेंटा), गर्भाशयाला चिकटलेला आणि नाळेने बाळाला जोडलेला अवयव. ती गर्भाच्याच बाहेरच्या थरातल्या पेशींपासून बनते. त्यात वडिलांचीही जनुकं असतात. या पेशी स्वस्थ बसत नाहीत. गर्भ रुजला की काही सुट्या होतात, वाट विरघळवणारी विकरं (एन्झाइम्स) सोडत गर्भाशयाच्या अस्तरात सरकतात, पुढे स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत जातात. तिथल्या नागमोडी धमन्या गाठून भिंतीतले स्नायू हटवतात. अरुंद नळीचं नरसाळं होतं. विशेष म्हणजे, सुरुवातीला त्याच पेशी धमनीच्या तोंडाला बूच लावतात! साधारण १० ते १२ आठवड्यांत ते सुटतं आणि आईचं रक्त वारेभोवती खेळू लागतं. भोवती, बाळाच्या शिरांत नव्हे. पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह असे घटक पलीकडे जातात. म्हणूनच आई 'ओ' गटाची आणि बाळ 'बी' गटाचं असू शकतं.

पेशी पुरेशा खोल गेल्या नाहीत तर आईचं बीपी धोकादायक वाढू शकतं. जुन्या सिझरच्या व्रणात फार खोल रुतल्या, तर बाळंतपणात वार सुटत नाही, जिवावर बेततं.

आणि भाचीचा फिकटपणा? गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, बाळ लोह ओढून घेतं. मामी, तिला लोहाच्या गोळ्या रोज घ्यायला लावा.