राउटर सगळ्यात फास्ट रस्ता निवडतो? नाही हो

"राउटर (डेटा पुढे पाठवणारा डबा) आपोआप सगळ्यात फास्ट रस्ता शोधतो" हे कॉलेजपासून ऐकतोय, पण एका कंपनीच्या नेटवर्कपासून दुसऱ्याच्या नेटवर्कपर्यंतचे रस्ते ठरवणारं बीजीपी (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) स्पीड मोजतच नाही. आधी लोकल प्रेफरन्स बघतं, म्हणजे मालकाने ठरवलेली आवडनिवड (बहुतेकदा जी लिंक स्वस्त ती), मग मधे किती नेटवर्क लागतात ते, लिंक जाम असली तरी याला पत्ता नाही. बाकीचे रस्ते राउटरच्या टेबलात (यादीत) पडून असतात, पहिला गेला की दुसरा पुढे. आणि चुकीचे रस्ते अडवणारा फिल्टर नसेल तर शेजारचं नेटवर्क सांगेल ते खरं! २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला /२४ चा (म्हणजे २५६ पत्त्यांच्या ब्लॉकचा) रूट टाकला, तो देशाबाहेरच्या नेटवर्कांपर्यंत गळला, यूट्यूबचा स्वतःचा होता /२२ (१०२४ पत्त्यांचा, म्हणजे मोठा ब्लॉक), आणि राउटर लहान ब्लॉकलाच आधी मानतो, झालं, यूट्यूबचा जगभरचा ट्रॅफिक दोनेक तास पाकिस्तानच्या दिशेने.