घरगुती मद्यकिण्वनाची पार्श्वभूमी: सातपुड्याच्या मोहापासून ज्वारीच्या माल्टपर्यंत

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेच्या खोऱ्यात, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात या तीन राज्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. या हद्दींच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या भिल आणि पावरा कुटुंबांत रोटी-बेटीचा व्यवहार आहे, देवदेवता सामाईक आहेत आणि होळीचा ढोलही एकच आहे. घरात मद्य तयार करण्याचा प्रश्न आला की मात्र याच कुटुंबांना तीन वेगवेगळे कायदे लागू होतात. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत, मोहाची दारू गाळण्याची मुभा आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे तर गुन्हा आहेच, पण त्या हेतूने भांडी, साहित्य आणि कच्चा माल बाळगणे हाही गुन्हा आहे. धडगावच्या पाड्यावरचे मोहाचे मडके आणि जळगावच्या एखाद्या सदनिकेतला बिअरचा प्लास्टिक पिंप यांत हा कायदा फरक करत नाही.

घरी बिअर बनवण्याचा छंद गेल्या काही वर्षांत शहरी मराठी माणसाच्या कानावर आला आहे, आणि तो बहुधा पूर्णपणे परदेशी म्हणून ओळखला जातो. खानदेशापुरते बोलायचे तर ही समजूत अपुरी आहे. किण्वन घरात करावे की नाही, करायचे तर ते कोणी करावे आणि त्यावर हक्क कोणाचा, हा वाद या भागात दीडशे वर्षे जुना आहे, आणि त्याची मांडणी सातपुड्याच्या लोकांनीच अनेकदा केली आहे.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. बायका-मुले ती झाडाखालून वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो, त्यामुळे बार्लीसारखे मोड आणून पिष्टाची साखर करण्याची खटपट इथे लागत नाही. फुले पाण्यात भिजत घातली, त्यात मागच्या खेपेचे थोडे जुने रसायन, म्हणजे आंबलेले मिश्रण, मिसळले की उन्हाळ्यात काही दिवसांत मडके उकळी आल्यासारखे फसफसू लागते. फेस बसला, फुले तळाला गेली आणि वरची चुरचुर थांबली की किण्वन संपले, असा त्याचा अंदाज असतो. बिअर बनवणारा छांदिष्ट हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारे साधन) बुडवून जे वाचतो, तेच मडके लावणारी बाई डोळ्यांनी आणि कानांनी वाचते. मोहाचे रसायन पुढे भट्टीवर चढवून त्याची वाफ थंड करून दारू गाळली जाते आणि बिअर कधीच गाळली जात नाही, हा मोठा फरक विसरता कामा नये. पण मडक्यापर्यंतचा प्रवास दोन्हींत सारखाच आहे, आणि जुने रसायन जपून ठेवण्याची पद्धत म्हणजे यीस्ट सांभाळण्याचीच पद्धत आहे.

या दारूचे स्थान नशेपुरते नव्हते. देवाला आणि पूर्वजांना तिची धार पाडल्याशिवाय विधी पुरा होत नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातेतल्या देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या यात्रेत आजही मोहाची दारू नैवेद्य म्हणून चढते, आणि त्या यात्रेला नंदुरबार जिल्ह्यातून मोठ्या संख्येने लोक जातात.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरची भट्टी बेकायदा ठरवली आणि दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारी भट्ट्या आणि मक्तेदार यांच्या हाती दिला. कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल, हे धोरण सरकारने उघडपणे मांडले होते. याचा व्यवहारातला अर्थ असा झाला की जी वस्तू झाडाखालून वेचून फुकट तयार होत होती, तीच आता दुकानातून, बऱ्याचदा उधारीवर, विकत घ्यावी लागली. दुकानदारच सावकार असेल तर उधारीपाठोपाठ जमीनही जात असे. आदिवासींच्या कर्जबाजारीपणाची कारणे सांगताना दारूच्या व्यसनाकडे बोट दाखवण्याची सवय जुनी आहे, पण १८७८ नंतरच्या दुकानाचा त्यात किती वाटा होता, हे सांगितल्याशिवाय ते विधान अर्धवट राहते.

याला लोकांनी दिलेले उत्तर विलक्षण होते. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ डोंगराळ मुलुखातून दक्षिण गुजरातेत पोहोचली. दारू आणि ताडी सोडा, असा देवीचा आदेश होता आणि त्याचा थेट फटका दारूच्या मक्तेदारांना बसला. पुढे १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराजांनी ‘आप’ पंथाची चळवळ उभी केली. दारू आणि मांस सोडायचे, स्वच्छ राहायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणून अभिवादन करायचे आणि सामूहिक आरती करायची, असे तिचे स्वरूप होते. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे नेली. सरकारी दारूबंदीच्या आधी सातपुड्यातल्या माणसांनी स्वतःच्या निर्धाराने केलेली ही दारूबंदी होती. घरगुती मद्याच्या परंपरेविषयी आस्थेने लिहिणाऱ्याने हा इतिहास बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. परंपरा जितकी या लोकांची, तितकीच ती नाकारण्याची चळवळही त्यांचीच.

१९४९ च्या अधिनियमाने मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आणली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या पदार्थांवरील बंदीसारखी काही कलमे रद्द केली, मात्र कायद्याचा गाभा कायम ठेवला. नंतर महाराष्ट्राने परवाना पद्धतीने बंदी सैल केली, देशी दारूची दुकाने आली, कारखाने आले. घरात तयार करण्यावरची बंदी मात्र तशीच राहिली. तेव्हापासून वर्तमानपत्रांत ‘गूळमिश्रित कच्चे रसायन नष्ट’ ही बातमी ठरलेल्या साच्यात येत राहिली. त्या पंचनाम्यांत नवसागराचा उल्लेख हमखास असतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि गुळाच्या पाण्यात नत्र कमी असल्याने यीस्टला ते पुरवण्याचा हा ओबडधोबड मार्ग आहे. परदेशातील छंदिष्ट त्याच कारणासाठी डायअमोनियम फॉस्फेट मोजून घालतात. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली, त्याचे कारण मात्र किण्वन नव्हते. दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळले गेले होते.

युरोपातही एकोणिसाव्या शतकात, वेगळ्या वाटेने, किण्वन असेच घराबाहेर गेले. तिथे घरातून आधी भांडे गेले नाही, यीस्ट गेले. बव्हेरियाच्या १५१६ च्या शुद्धतेच्या आदेशात बिअरसाठी पाणी, बार्ली आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) एवढेच सांगितले होते. यीस्ट नावाची काही गोष्ट असते, हे तेव्हा ठाऊकच नव्हते. शेतकरी कुटुंबे मागच्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेत टाकत, शेजाऱ्याकडून मागून आणत. १८३७ च्या सुमारास यीस्ट हा सजीव आहे असे मांडले गेले, पाश्चरने १८७६ मध्ये बिअर बिघडवणाऱ्या जंतूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने एका पेशीपासून यीस्टची शुद्ध जात वाढवून दाखवली. कार्ल्सबर्गने ती इतर कारखान्यांना मोकळेपणाने वाटली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तरीही परिणाम असा झाला की यीस्ट राखणे हे घरातल्या बाईचे काम न राहता प्रयोगशाळेचे झाले. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर बनवणाऱ्यालाही परवाना बंधनकारक केला. ती अट १९६३ मध्ये उठली.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात लोक माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, पाक आणून घरी चोरून बिअर बनवत. बंदी उठली, घरगुती वाइनला सवलत मिळाली, बिअर मात्र राहून गेली. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा संघीय कर उठवला आणि एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, एकाहून अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा घातली. तरी राज्यांचे कायदे वेगळे राहिले. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. १९७८ च्या अखेरीस कोलोराडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन स्थापन केली, आणि १९८५ पासून बिअरचे परीक्षक घडवणारा परीक्षा-उपक्रम सुरू झाला. अशा छंदिष्टांच्या मंडळांचे जगणे समजून घेण्यासारखे आहे. महिन्यातून एकदा सभासद आपापल्या बाटल्या घेऊन जमतात, नाव झाकून चव घेतात आणि दोष स्पष्टपणे सांगतात: लोण्यासारखा वास म्हणजे डायअसेटिल, उकडलेल्या मक्यासारखा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. किण्वन संपल्यावर तळाशी उरलेला यीस्टचा गाळ बरणीत भरून दुसऱ्याला देण्याची रीतही आहे, आणि शेतकऱ्यांच्या घरातून गेलेली जुनी देवाणघेवाण तिथे पुन्हा दिसते. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या खानदेशी तरुणांना हा छंद बहुधा अशाच मंडळांतून भेटतो.

लागणारी साधने थोडी आहेत. सुमारे २५ लिटरचे पातेले, तापमापक, झाकणाचा पिंप, वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी पाण्याची नळी आणि हायड्रोमीटर एवढ्यावर १९-२० लिटरची खेप होते. द्रवाची घनता सुरुवातीला १.०५० असेल आणि शेवटी १.०१० वर आली, तर मद्यार्क साधारण सव्वापाच टक्के होतो. खरी कसोटी स्वच्छतेची असते, कारण उकळून थंड केलेला गोड रस हा यीस्टइतकाच लॅक्टिक जिवाणूंनाही आवडतो. खानदेशातल्या घरांना हे जिवाणू चांगले परिचयाचे आहेत. बिबड्यांसाठी ज्वारी तीन दिवस भिजत घालतात किंवा कुरडयांसाठी गहू भिजवून रोज पाणी बदलतात, तेव्हा जो आंबूस वास सुटतो तो त्यांचाच. तिथे ते हवेसे असतात, बहुतेक बिअरमध्ये नकोसे.

खानदेशाचा विचार करताना पहिली अडचण उन्हाची येते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लागर जातीचे यीस्ट ८ ते १३ अंशांत काम करते, एल जातीचे साधारण १८ ते २२ अंशांत. त्यापेक्षा फार वर गेले की डोके धरायला लावणारी जड अल्कोहोले तयार होतात. कोरड्या हवेत पिंपाला ओले पोते गुंडाळले तर तापमान काही अंशांनी उतरते, कारण इथली हवा बाष्पीभवनाला अनुकूल आहे, पण १८ अंश गाठायला शीतकपाटच लागते. म्हणूनच नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या ‘क्वाइक’ या यीस्टकडे उष्ण प्रदेशांतील छंदिष्टांचे लक्ष गेले. लाकडी कड्यांवर वाळवून ठेवलेले हे यीस्ट ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते. थंड देशात ते का टिकले, याचे उत्तर साधे आहे: शेतकरी उकळता रस पुरता थंड होण्याची वाट न पाहता कोमट असतानाच त्यात यीस्ट टाकत, आणि तशा उष्णतेत तगणारेच यीस्ट पुढे जगत गेले. सातपुड्यातल्या मडक्यांत उन्हाळ्यामागून उन्हाळे टिकलेल्या यीस्टचा अभ्यास याच दृष्टीने व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रश्न धान्याचा आहे. बार्ली हे आपले पीक नाही, आपली ज्वारी. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शेकडो वर्षे बनते, आणि १९८८ मध्ये नायजेरियाने बार्ली-माल्टच्या आयातीवर बंदी घातल्यावर तिथल्या मोठ्या कारखान्यांनीही ज्वारी स्वीकारली. अडचण तांत्रिक आहे. ज्वारीचे पिष्ट ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर फुलते, आणि तेवढ्या उष्णतेत पिष्टाची साखर करणारे बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) मरते. शिवाय ज्वारीत ते मुळातच कमी असते. त्यामुळे पिष्ट आधी शिजवून, थंड करून, मग मोडाच्या धान्याचा अर्क मिसळावा लागतो. दुसरी गोष्ट इथल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, कारण तिच्यात सायनाइड सोडणारे धुरिन असते. तेच द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते, म्हणून माल्ट करताना मोड नीट वाळवून, चोळून, त्याच्या मुळ्या-कोंब काढून टाकावे लागतात.

महाराष्ट्रात बिअरची छोटी निर्मिती कायद्याच्या चौकटीत आली ती उपाहारगृहांतील लघुमद्यनिर्मितीच्या परवान्याने. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाले. घरगुती निर्मितीला मात्र तसा दरवाजा नाही. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली, आणि नंदुरबारच्या समोर, नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटाने तिचे उत्पादन सुरू केले.

महाराष्ट्रात असा निर्णय व्हायचा असेल तर त्याची सुरुवात मुंबई-पुण्याच्या छंदिष्टांच्या मागणीपासून होऊ नये. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, तसेच त्यांच्या विक्री-सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके त्यात येतात, शहादा, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतील काही भागही येतो. आजवर या अधिकाराची चर्चा मुख्यतः बंदीच्या अंगाने झाली आहे, आणि दारूबंदीसाठी आडव्या बाटलीला मत देणाऱ्या, घरात दारूचा छळ सोसलेल्या बायांचा शब्द त्यात पहिला असायला हवा. घरच्या पूजेपुरते मडके आणि विक्रीची भट्टी यांच्यामध्ये रेघ कुठे ओढायची, हे ठरवण्याची जागा तीच ग्रामसभा आहे, आणि १८७८ साली ज्यांना न विचारता ती रेघ ओढली गेली, त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्या सभेत बसतात.