खोक्यावरचा चेहरा: स्वयंपाकघरातल्या जाहिरातींची पार्श्वभूमी

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरातला जुना कुकर किंवा तवा बदलायचं ठरतं. दुकानात गेलं की आधी दिसतो खोक्यावरचा चेहरा, वस्तू त्यानंतर. कुकरवर नट-नटी, नॉनस्टिकवर शेफ. त्या चेहऱ्यापोटी चार पैसे जास्त मोजावेत का, असं अनेकजण विचारतात. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असंच असतं. पण हे सगळे चेहरे एकाच वाटेने स्वयंपाकघरात आलेले नाहीत, म्हणून ती वाट आधी बघू.

सगळ्यात जुनं ठळक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. 1765 साली राणी शार्लटने जोसाया वेजवुड या कुंभाराकडून मलईच्या रंगाच्या मातीचा चहाचा संच करवून घेतला. पुढे त्याने राणीच्या परवानगीने त्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ म्हणायला सुरुवात केली आणि ती भांडी दूरदूर खपली. यात क्रम महत्त्वाचा आहे. राणीने आधी वस्तू मागवली आणि तिचं नाव वस्तूला नंतर लागलं.

आपल्याकडे हा क्रम उलटला तो सिनेमामुळे. 1941 मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. धारवाडला जन्मलेली, मराठी रंगभूमीवरून आलेली ही अभिनेत्री लक्सची पहिली भारतीय तारका मानली जाते. साबणाच्या बाबतीत निदान एक धागा तरी होता, कारण जाहिरात त्वचेची होती आणि नटीचा चेहरा लोकांना पडद्यावर दिसत होता. तारे-तारका पुढे कुकर, पाणी शुद्ध करायची यंत्रं आणि नूडल्सपर्यंत पोचले तेव्हा तो धागाही सुटला. त्यांना डाळ शिजवताना कुणी पाहिलेलंच नव्हतं.

कुकरची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. टीटीके प्रेस्टीजची स्थापना 1955 ची. ‘जो बीवी से करे प्यार, वो प्रेस्टीज से कैसे करे इनकार’ ही ओळ एका पिढीला तोंडपाठ आहे. त्या जाहिरातीत कुणी मोठा तारा नव्हता, ती बोलत होती भीतीशी. कुकर फुटायचे, आणि ते बायकांच्या अंगावर फुटायचे. कंपनी चालवणारे इंजिनियर टी. टी. जगन्नाथन यांनी या अपघातांचा शोध घेतला, तेव्हा बनावट सुटे भाग हे त्यामागचं मोठं कारण निघालं. सेफ्टी वॉल्व्ह नकली असेल तर ऐनवेळी तो वितळतच नाही. मग त्यांनी झाकणाच्या कडेलाच एक आडवी फट ठेवली. शिट्टीची नळी तुंबली आणि वॉल्व्हनेही दगा दिला, तर आतल्या दाबाने रबरी रिंग त्या फटीतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ मोकळी होते. घरात असा कुकर असेल तर झाकणाच्या कडेवरून बोट फिरवून बघा, ती फट लागेल.

2013 मध्ये याच कंपनीने अभिषेक बच्चन आणि ऐश्वर्या राय यांना घेतलं आणि ती जुनी ओळ नव्या रूपात परत आली. जाहिरात म्हणून ती उत्तम चालली असेल. पण कुकर सुरक्षित केला तो एका इंजिनियरने, आणि त्याचा चेहरा खोक्यावर कधीच नव्हता. मला हे मनापासून खटकतं. गिऱ्हाइकाने ज्यासाठी पैसे मोजावेत ते झाकणाच्या कडेत दडलेलं असतं आणि जे पुढे दिसतं त्याचा शिजण्याशी काहीच संबंध नसतो.

शेफ मंडळींचं प्रकरण वेगळं. संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ 1993 मध्ये झी टीव्हीवर सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. लोकांनी त्यांना फोडणी देताना, पीठ मळताना, कढईत उलथणं फिरवताना पाहिलं. 2009 मध्ये त्यांनी रवी सक्सेना यांच्याबरोबर वंडरशेफ कंपनी सुरू केली. इथे चेहऱ्यामागे हाताची ओळख आहे, आणि तिला मी नक्कीच जास्त किंमत देते. मात्र ते कंपनीत भागीदारही आहेत. मालक आपल्या मालाबद्दल चांगलंच बोलणार, एवढं ध्यानात ठेवून ऐकावं.

या नात्याची किंमत अमेरिकेत उघड झाली. मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमनने नोव्हेंबर 1994 मध्ये, वयाच्या 45व्या वर्षी, हेवीवेट विजेतेपद परत मिळवलं. त्याच्या नावाची, चरबी निथळून जावी म्हणून उतरती केलेली विजेची ग्रिल त्याच सुमारास बाजारात आली होती. यंत्रामागची कल्पना मायकल बोहम या संशोधकाची. 1999 मध्ये ती ग्रिल विकणाऱ्या सॉल्टन कंपनीने फोरमनचं नाव वापरण्याचे हक्क जवळपास 14 कोटी डॉलरला विकत घेतले. इतकी रक्कम नावासाठी गेली की ती कुठेतरी वस्तूच्या किमतीतूनच वसूल होते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत ज्यूलिया चाइल्ड. टीव्हीवरच्या या नामवंत अमेरिकन पाकतज्ज्ञ बाईंनी कंपन्यांच्या मालाची जाहिरात करायला कायम नकार दिला. मोकळेपणाने बोलता यावं म्हणून त्यांनी ही किंमत मोजली, आणि म्हणूनच त्यांचा शब्द आजही वजनदार वाटतो.

चेहऱ्यावरून वस्तू घेतली तर ती फसवणूकच, असं मी म्हणत नाही. पण भांड्याचा खरा कस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागतो. मिक्सरचा कपलर झिजला, कुकरची रिंग सैल झाली, तेव्हा तो भाग जवळच्या दुकानात मिळतो का? सर्व्हिस सेंटर आपल्या तालुक्यात आहे की फक्त मुंबई-पुण्यात? नॉनस्टिकचं तर आयुष्य वापरणाऱ्याच्या हातात असतं. टेफ्लॉनचा थर साधारण 260 अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर काही मिनिटांत तिथवर पोचतो. आपल्या घरांत भाकरीचा तवा रिकामाच तापवायची सवय असते. तीच सवय नॉनस्टिकला लावली तर कुठल्याही शेफचं नाव तो थर वाचवू शकत नाही.

चेहऱ्याची जबाबदारी ठरवायला कायद्याला मात्र फार वेळ लागला. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरात करणाऱ्या व्यक्तीला वेगळं जबाबदार धरलेलं नव्हतं. चर्चा पेटली 2015 मध्ये, मॅगीमुळे. शिशाचं प्रमाण जास्त असल्याच्या तक्रारीवरून जूनमध्ये देशभर बंदी आली. माधुरी दीक्षित यांना हरिद्वारच्या अन्न प्रशासनाने नोटीस पाठवली आणि बिहारमधल्या एका न्यायालयाने अमिताभ बच्चन, माधुरी व प्रीती झिंटा यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीची बाजू ऐकली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना रीतसर मान्यता नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. मॅगी परत आली, पण ताऱ्यांना विचारलेला प्रश्न मागेच राहिला: तुम्ही नेमकं काय बघून शिफारस केलीत?

2016 मध्ये संसदेच्या समितीने थेट तुरुंगवासाची शिफारस केली होती. 2019 च्या नव्या कायद्यात ती उतरली नाही. त्याच्या 21व्या कलमानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्याला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिराती करण्यावर एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. दाव्याची नीट खातरजमा केली असेल तर सुटका आहे. कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला. त्याच्या दोनच महिने आधी केंट या घरगुती यंत्रांच्या कंपनीच्या, हेमा मालिनी यांचा चेहरा असलेल्या, कणीक मळायच्या यंत्राच्या जाहिरातीवर गदारोळ झाला होता. घरकाम करणाऱ्या बाईचे हात संसर्गाचे असू शकतात असं त्यात सुचवलं होतं. कंपनीने माफी मागून जाहिरात काढली आणि हेमा मालिनी यांनी ते विचार आपल्याला पटत नसल्याचं जाहीर केलं. कष्टकरी बाईचा असा अपमान आधी त्यांच्या चेहऱ्यासह प्रसिद्ध झाला आणि नकार मागून आला, याचं मला आजही वाईट वाटतं.

जून 2022 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक पाऊल टाकलं. शिफारस ही त्या व्यक्तीचं प्रामाणिक मत असली पाहिजे आणि त्यामागे वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. कंपनीत भागभांडवल असेल, वस्तू फुकट मिळाली असेल, तर तेही सांगायला हवं.

त्याच वर्षी एक कमी गाजलेली पण माझ्या मते जास्त मोलाची कारवाई झाली. घरगुती प्रेशर कुकरला फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते मानक न पाळणारे कुकर विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना दंड केला. एकट्या अ‍ॅमेझॉनला 2,265 कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे परत करण्याचा आदेश झाला. कुकर घेताना त्यावर आयएस 2347 हा कुकरच्या मानकाचा आकडा आणि आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि अजून चालू आहे का, ते दुकानात उभ्याउभ्याच कळतं.