वीजबिल बघून शाळा ठरत नाही

जून आला की नाशिकच्या पंचवटीत काय, सिडकोत काय, सरकारी शाळेच्या दारात ठरलेलं वाक्य कानावर येतं: "तुमचा पत्ता आमच्या हद्दीत बसत नाही, पलीकडच्या शाळेत जा." आमच्या शेजारच्या ताई वीजबिल, रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स पिशवीत घालून असेच हेलपाटे घालत होत्या. पलीकडच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एकच बाई, जाणार कोण?

ही हद्द कायद्यात नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत अंतर आहे खरं: पहिली ते पाचवीला १ किलोमीटर, सहावी ते आठवीला ३. पण तेवढ्या अंतरात शाळा देणं हे सरकारवरचं बंधन. मुलाच्या पायातली बेडी नव्हे. उलट कलम ५ नुसार दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

गोंधळ होतो तो खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी याच कायद्याने राखलेल्या २५ टक्के जागांमुळे. तिथे घराचं अंतर खरोखर मोजतात.

आता शेजारच्या दोन शाळांत एवढी तफावत का? घरपट्टी जास्त म्हणून त्या वॉर्डातली शाळा श्रीमंत, असं काही नसतं (हीही एक लोणकढीच). शिक्षक पटावर ठरतात, पाचवीपर्यंत साधारण ३० मुलांमागे एक. पट घसरला की पद जातं, पद गेलं की आणखी चार पालक दाखला काढतात.