बाल-प्रायोजकत्व (ख्रिस्ती सेवासंस्थांमार्फत)

गरीब, अनाथ किंवा जोखमीत वाढणाऱ्या एखाद्या मुलाच्या शाळेसाठी, जेवणासाठी, औषधपाण्यासाठी दूरच्या कुणीतरी दर महिन्याला किंवा वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची आणि त्या माणसाला मुलाचं नाव, फोटो, अधूनमधून पत्र मिळत राहायचं, अशी ही मदतीची पद्धत आहे. नुसत्या देणगीपेक्षा हे वेगळं, कारण इथे नाव असतं. ही पद्धत जगभर पसरवली ती प्रामुख्याने प्रॉटेस्टंट संस्थांनी, पण कॅथलिक आणि धर्माशी संबंध नसलेल्या संस्थाही ती वापरतात.

मराठीत याला एकच शब्द रुळलेला नाही. चर्चमध्ये आणि बोर्डिंगमध्ये (मिशनच्या वसतिगृहात) सगळे सरळ ‘स्पॉन्सरशिप’ म्हणतात, संस्थांच्या पत्रकात ‘पालकत्व’ असतं, सरकारी कागदात ‘प्रायोजकत्व’, आणि बोलताना पुष्कळजण ‘आम्ही एक मूल दत्तक घेतलंय’ असं म्हणतात, जे कायद्याच्या हिशोबाने चूक आहे, कारण दत्तकविधानात मूल कुटुंबात येतं, वारसाहक्क येतो, इथे त्यातलं काहीच नाही, मूल बहुतेक वेळा स्वतःच्याच घरी राहतं आणि आईबापांचे हक्क जसेच्या तसे असतात.

उगम. याबाबत अभ्यासकांचं एकमत नाही. जास्त चालणारं मत असं की ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये सुरू झाली. एग्लंटाइन जेब आणि तिची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी १९१९ मध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ काढला, दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे ऑस्ट्रिया-जर्मनीत मुलं उपाशी मरत होती, आणि साधारण १९२० च्या सुमारास या फंडाने एकेका मुलाचा खर्च एकेका देणगीदाराने उचलायची योजना चालवली. ही संस्था कुठल्या चर्चची नव्हती, पण चर्चचा आधार तिला सुरुवातीपासून होता, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी २८ डिसेंबर १९१९ ला, म्हणजे निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी, जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये या मुलांसाठी दानफेरी करायला सांगितली होती.

दुसरं मत उगम शंभर वर्षं मागे नेतं, आणि मिशनच्या जुन्या कामाकडे बघितलं तर तेच जास्त पटतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लिश मिशनच्या, पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनमधल्या शाळांत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या मुलांसाठी इंग्लंडमधले लोक वर्षाला ५ पौंड द्यायचे आणि मुलाचं नाव काय ठेवायचं ते सांगायचा हक्क त्यांना मिळायचा. पुढे नायजेरियात बिशप झालेले सॅम्युएल अजायी क्राउदर यांना १८२५ च्या बाप्तिस्म्यात मिळालेलं नाव अशाच एका इंग्लिश धर्मगुरूचं होतं, अर्थात त्यांच्यासाठी त्या धर्मगुरूने पैसे दिले होते असं त्यावरून सिद्ध होत नाही. श्रीलंकेत जाफन्यातल्या अमेरिकन मिशनच्या बोर्डिंग शाळांतही तसंच, तमिळ घरातली मुलं आणि नावं मात्र न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली. मुलाचं स्वतःचं नाव काढून घेणं हा या पद्धतीच्या जन्मातला दोष आहे आणि तो सौम्य करून सांगू नये.

महाराष्ट्राचा धागा इथे येतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ मध्ये उतरले, अहमदनगरचं ठाणं १८३१ चं. १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा (गुजरात-काठेवाडात ‘छपनियो’ म्हणतात तो) असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले आणि मिशनच्या अनाथालयांत मुलांची रीघ लागली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने, लुई क्लॉप्श त्याचे संपादक, वर्गणी जमवून १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून मुंबईला पाठवलं आणि मग वाचकांना आवाहन केलं की एकेका दुष्काळी अनाथ मुलाचा खर्च तुम्ही घ्या, वर्षाला साधारण १५ डॉलर. नगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम या मदतीच्या वाटपात पुढे होते. ठरलेली रक्कम, ठरलेलं मूल, देणारा समुद्रापलीकडे, आणि मुलाची खबर त्याला कळवायची जबाबदारी मिशनवर, म्हणजे आजच्या स्पॉन्सरशिपचं जवळजवळ सगळं अंग इथे दिसतं, आणि तेही जेब यांच्या फंडाच्या १९ वर्षं आधी. तरी याला ‘पहिली’ म्हणायचा मोह टाळलेला बरा, अशी उदाहरणं इतर मिशनांतही सापडतात.

पंडिता रमाबाईंचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं, पण तिथे फरक करावा लागतो. १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने १० वर्षं मदतीचं वचन दिलं आणि त्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, मात्र हा पैसा संस्थेला होता, ठरावीक मुलीला नव्हे, शिवाय सदन विधवांसाठी होतं आणि तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आधी मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून आल्या आणि एकूण आकडा दोन हजारांच्या घरात गेला, तोही मुख्यतः सर्वसाधारण देणग्यांवर. म्हणून मुक्तीला प्रायोजकत्वाचा नमुना न म्हणता त्याची शेजारीण म्हणणं जास्त बरोबर.

चीन आणि कोरिया. आज ज्या संस्था मोठ्या आहेत त्यांची मुळं पूर्व आशियातल्या युद्धांत आहेत. जपान-चीन युद्धातल्या अनाथांसाठी प्रेस्बिटेरियन धर्मगुरू जे. कॅल्व्हिट क्लार्क यांनी १९३८ मध्ये अमेरिकेत रिचमंडला ‘चायनाज चिल्ड्रन फंड’ काढला, त्याचं १९५१ मध्ये ‘ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड’ झालं आणि २००९ पासून नुसतं ‘चाइल्डफंड’, नावातला ख्रिश्चन गेला. अमेरिकन धर्मोपदेशक बॉब पिअर्स यांनी १९५० मध्ये ‘वर्ल्ड व्हिजन’ सुरू केलं, तिथे एकेका मुलाची स्पॉन्सरशिप १९५३ पासून, कोरियन युद्धातल्या अनाथांपासून. दुसरे अमेरिकन धर्मोपदेशक एव्हरेट स्वानसन यांचं काम १९५२ चं, तेही कोरियातच, आणि १९६३ पासून त्याला ‘कम्पॅशन’ हे नाव आहे. जर्मनीत ड्युइसबुर्गला १९५९ मध्ये ‘किंडरनोटहिल्फे’ उभी राहिली ती मात्र भारतातल्या मुलांसाठी. याच कोरियाने पुढे दिशा उलटी केली, वर्ल्ड व्हिजनच्या कोरियन शाखेने १९९१ मध्ये परदेशी पैसा घेणं थांबवलं आणि तिथले लोक दुसऱ्या देशांतल्या मुलांचे स्पॉन्सर झाले.

कामाची रीत. सगळ्या संस्थांची सारखी नाही आणि देणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. कम्पॅशनचं काम स्थानिक चर्चला धरून चालतं, मूल शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी केंद्रावर येतं, अभ्यास, खाऊ-जेवण, आरोग्य तपासणी, बायबलच्या गोष्टी. वर्ल्ड व्हिजन मात्र पैसा एकत्र करून पूर्ण परिसरात खर्च करतं, पाणी, शाळा, बचत गट वगैरे, फोटोतलं मूल हे त्या परिसराचं प्रतिनिधी, त्याच्या हातात ती रक्कम पडत नाही. पत्रांचं भाषांतर संस्था करते, मुलाचा पत्ता आणि आडनाव सहसा झाकलेलं असतं. नाताळचं ग्रीटिंग हा या पत्रव्यवहारातला सगळ्यात ठरलेला भाग.

परिणाम. गंमत वाटेल पण इतकी वर्षं आणि इतका पैसा होऊनही मुलांचं पुढे काय होतं याची नीट तपासणी २०१३ पर्यंत झालेली नव्हती. त्या वर्षी ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त कम्पॅशनच्या कामाचा अभ्यास छापला, देश सहा, भारत, केनिया, युगांडा, ग्वाटेमाला, बोलिव्हिया आणि फिलिपीन्स, माणसं १०,१४४. अडचण अशी होती की ज्यांना स्पॉन्सर मिळतो ती मुलं मुळातच हुशार किंवा जास्त गरीब असू शकतात, मग तुलना कुणाशी करायची? त्यांनी वयाच्या नियमाचा आधार घेतला. केंद्र गावात उघडताना साधारण १२ वर्षांपर्यंतच्याच मुलांना घेत असत, म्हणून थोडक्यात वय ओलांडलेली मोठी भावंडं बाहेर राहिली, आणि एकाच घरातली, एकाच आईच्या हातची ही दोन मुलं मोठी झाल्यावर काय करतात ते पाहिलं. स्पॉन्सर असलेली मुलं सरासरी १.०३ ते १.४६ वर्षं जास्त शिकली, आणि माध्यमिक शिक्षण पुरं करण्याचं प्रमाण ११.६ ते १६.५ टक्के-गुणांनी (म्हणजे दर शंभरात इतकी जास्त मुलं) वाढलं, पगारी पांढरपेशी नोकरीची शक्यताही वाढली. जगात अशी आंतरराष्ट्रीय स्पॉन्सर असलेली मुलं ९० लाखांच्या वर असावीत असा अंदाजही याच लेखात आहे.

याच्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात. अभ्यास एकाच संस्थेचा आहे, मुलं १९८० च्या आणि १९९० च्या सुरुवातीच्या काळातली आहेत, आणि पैशाने फरक पडला की शिकवण्यांनी की कुणीतरी आपल्याला नावाने ओळखतं या जाणिवेने, हे यातून सुटं करता येत नाही. या शेवटच्या प्रश्नावर इंडोनेशियात पुढे काम झालं, जकार्ताच्या झोपडपट्टीतल्या ५४० मुलांना रंगपेन्सिली देऊन स्वतःचं चित्र काढायला सांगितलं आणि चित्रांतून आशा, आत्मविश्वास मोजला, स्पॉन्सर असलेल्या मुलांची चित्रं जास्त आनंदी निघाली (२०१८). ज्यांनी बोर्डिंगमध्ये ‘माझं पत्र आलं का’ विचारत ऑफिसच्या दारात उभी राहिलेली पोरं पाहिलीत त्यांना याचं नवल वाटणार नाही, आणि ज्याचं पत्र कधीच येत नाही त्या मुलाचं काय, हा प्रश्नही त्यांनाच जास्त टोचतो.

टीका. १९८२ मध्ये ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या ब्रिटिश मासिकाने मूल स्पॉन्सर करू नका अशीच हाक दिली होती. मुद्दे मुख्यतः तीन आहेत, एका घरातलं किंवा वर्गातलं एक मूल निवडल्याने बाकीच्यांवर अन्याय, केविलवाण्या फोटोंचा वापर, आणि पत्र-फोटो-हिशोब यावर होणारा खर्च. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या वार्ताहरांनी स्वतः मुलं स्पॉन्सर करून शोध घेतला तेव्हा मालीमधली एक मुलगी केव्हाच वारली होती आणि तिच्या नावाने पैसे घेणं चालूच होतं असं निघालं. त्यानंतर अमेरिकेतल्या संस्थांनी तपासणीचे नियम कडक केले. हे मुद्दे खरे आहेत, आणि परिसरासाठी पैसा एकत्र करण्याची रीत काही अंशी यांना उत्तर म्हणूनच आली.

भारतात. नगर-जालन्यापासून सांगली-कोल्हापूरपर्यंत मिशनची बोर्डिंगं होती आणि खेड्यातल्या, विशेषतः दलित ख्रिस्ती घरांतल्या, पहिल्या शिकलेल्या पिढीचा मोठा हिस्सा तिथूनच आला. कुणाचा खर्च परदेशी स्पॉन्सरवर आणि कुणाचा चर्चच्या वर्गणीवर हे मात्र बहुतेक घरांत कुणी सांगत नाही.

परदेशी पैशाला १९७६ पासून कायदा आहे, ‘एफसीआरए’ (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा), तो २०१० मध्ये नव्याने झाला. कम्पॅशनला २०१६ मध्ये पूर्वपरवानगीच्या यादीत (म्हणजे पैसा पाठवण्याआधी सरकारची परवानगी हवी) टाकल्यावर पैसे येईनात आणि १५ मार्च २०१७ ला १९६८ पासूनचं भारतातलं काम बंद झालं, तेव्हा सुमारे १ लाख ४५ हजार मुलं यात होती. धर्मांतरासाठी पैसा जातो हा सरकारी बाजूचा संशय, संस्थेने तो नाकारला. वाद कुठल्याही बाजूने सुटला तरी मधल्या मध्ये त्या मुलांची ट्यूशन आणि जेवण गेलं आणि पत्रव्यवहार तुटला, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लिखाणात फार थोड्या ओळीत उरकलेली आहे. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली आणि पैसा फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो. मोठी संस्था वर आणि गावातलं चर्च किंवा बोर्डिंग खाली, ही जी जुनी साखळी होती ती पहिल्या अटीनेच मोडली. जानेवारी २०२४ मध्ये वर्ल्ड व्हिजन इंडियाची एफसीआरए नोंदणीही रद्द झाली. आता जी स्पॉन्सरशिप चालते ती बरीचशी देशातल्याच देणगीदारांवर.

सरकारी योजनांशी याची गल्लत होते म्हणून एवढं नोंदवतो, महाराष्ट्रात शाळकरी मुलींसाठी १९८३ पासून ‘सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना’ आहे, आणि बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्व आलंय, ज्याखाली ‘मिशन वात्सल्य’ या केंद्र सरकारच्या योजनेतून पात्र मुलाला महिना ४,००० रुपये मिळतात. यात पैसा सरकारचा किंवा गावातल्या दत्तक पालकाचा असतो.